झड, खंड, अवकाळी: नागपूरकडे वर्षाची वैरण कशी जमवायची

कुही तालुक्यात सासऱ्यांचं चार एकर वावर आहे. २०२२ च्या दिवाळीनंतर आम्ही नवराबायकोनी नागपुरातली भाड्याची खोली सोडली आणि दोन गायी, दोन म्हशी घेऊन तिथे राहायला गेलो. दुधाचं, ढेपेचं (पेंडीचं), लसीकरणाचं विचारायला माणसं होती. चाऱ्याबद्दल मात्र जो तो एकच सांगायचा, "पावसाळ्यात गवत मस्त होते, पोळा झाला की कापून ठेवा."

पुढच्या वर्षी ऑगस्ट सगळा कोरडा गेला. देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट म्हणून त्याची नोंद आहे. अधिक मासामुळे पोळाच १४ सप्टेंबरला आला. २३ सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात चार तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, वस्त्यांत पाणी शिरलं. ऑक्टोबरात आम्ही घाईघाईने गवत कापून गंजी लावली, ती आतून सडली. जे वाचलं ते नोव्हेंबरच्या शेवटच्या अवकाळीत भिजलं. मार्चपासून आम्ही कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा) विकत घेत होतो आणि म्हशींच्या बरगड्या मोजता येत होत्या.

त्यानंतरच्या वर्षांत हळूहळू जे जमलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. नागपूरला वर्षाला साधारण हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस होतो, म्हणजे गवताला कमी नाही. तो कधी येतो आणि कधी थांबतो याचा भरवसा राहिलेला नाही, खरी अडचण तिथे आहे. म्हणून तारखेवर काम ठरवू नका, गवताकडे बघून ठरवा. पोळ्याचंच बघा ना: २०२३ ला तो सप्टेंबरच्या मध्यात होता, २०२५ ला २२ ऑगस्टला.

हाताशी काय ठेवायचं

- दोन चांगले विळे, दाताळं, आणि जमलं तर कडबा कुट्टी यंत्र (शेजाऱ्याचं भाड्याने मिळत असेल तरी चालेल)
- जाड ताडपत्र्या, निदान दोन. पातळ निळा प्लास्टिक कागद एका उन्हाळ्यात चिरतो.
- मुरघासाच्या (हवा काढून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) पिशव्या किंवा खड्ड्यासाठी जाड प्लास्टिक
- पर्जन्यमापक
- चार-पाच फुटांची लोखंडी सळई
- काचेची झाकणाची बरणी आणि जाडं मीठ
- एक वही

१. आधी उन्हाळ्याचा हिशेब, मग पेरणी

आमच्याकडे फेब्रुवारीच्या मध्यापासून धुऱ्यावरचं (बांधावरचं) हिरवं संपतं आणि नवं गवत तोंडाला लागायला जून सरतो. हे झाले १३५ दिवस. चारशे किलोच्या एका जनावराला दिवसाला साधारण दहा किलो शुष्क पदार्थ (चाऱ्यातलं पाणी वगळून उरतो तो) पोटात जायला हवा. त्यासाठी ६ किलो वाळली वैरण आणि १५ किलो मुरघास धरा, ढेप-चुरी वेगळी. म्हणजे एका जनावरामागे आठ क्विंटल वाळली वैरण आणि दोन टन मुरघास. चार जनावरांना ३३ क्विंटल आणि ८ टन. त्यावर नासाडी आणि उशिराच्या पावसासाठी पाचवा हिस्सा वाढवा: ४० क्विंटल आणि १० टन.

हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठा लिहून ठेवा. जमत नसेल तर जनावरं कमी ठेवा. मी हे मनापासून सांगते आहे, कारण नवा माणूस आधी गोठा बांधतो, मग जनावर आणतो आणि चाऱ्याचं शेवटी बघतो.

२. आपल्या वावराचा पाऊस आपण मोजा

सोनेगावला हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे, पण तिथे पडलेला पाऊस तुमच्या वावरात पडतोच असं नाही. कुहीला झड लागलेली असते तेव्हा काटोलकडे ऊन तापलेलं असतं. सकाळी साडेआठला मापकातलं पाणी मोजून वहीत लिहायचं, एवढंच काम. अंदाजासाठी 'मेघदूत' अ‍ॅप वापरा, त्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला येतो. कापणीआधी मी तो वाचल्याशिवाय विळा काढत नाही.

३. सगळं बी एकाच दिवशी मातीत टाकू नका

२०२५ मध्ये मॉन्सून मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच महाराष्ट्रात आला. बातम्या ऐकून पुष्कळांनी पेरणीची तयारी केली. मग तो रेंगाळला आणि नागपूरला जूनच्या मध्यापर्यंत वाट बघावी लागली. आमच्या काळ्या मातीत वरची चार बोटं ओली होतात, बी उगवतं, आणि खाली कोरडं असेल तर आठ दिवसांत मान टाकतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस मुरल्याशिवाय पेरू नका. मुठीत माती दाबली की गोळा व्हायला हवा, आणि तो वीतभर खोलवरच्या मातीचा हवा.

चाऱ्याच्या जागेचे तीन तुकडे करा आणि पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरा. एक तुकडा पावसाच्या खंडात सापडला तरी दोन वाचतात. एकरी बी असं लागतं:

- मका (आफ्रिकन टॉल): ३० किलो
- चाऱ्याची ज्वारी: १६ किलो
- चवळी: १५ किलो. मक्यात दोन ओळींआड एक ओळ चवळीची घ्या, चारा सकस होतो.

पाण्याची थोडी सोय असेल तर अर्धा एकर संकरित नेपियर गवत लावाच. दोन डोळ्यांची कांडी, तीन बाय दोन फुटांवर. पहिली कापणी सव्वादोन-अडीच महिन्यांनी, पुढे दर दीड महिन्याला. पावसाने कितीही नखरे केले तरी मुळं धरलेलं नेपियर तग धरतं. फक्त पाणी तुंबणारी बांधी (धानाचं बांध घातलेलं शेत) त्याला देऊ नका. तिथे पॅराग्रास लावा, त्याला पाय पाण्यात चालतात.

४. ऑगस्टचा खंड आणि कोवळी ज्वारी

हा भाग नीट वाचा, इथे जनावर जातं.

पाऊस वीस-बावीस दिवस ओढ देतो. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन थांबते, पानं गुंडाळतात. धुऱ्यावरचं गवतही सुकलेलं असतं. गोठ्यात हंबरणं चालू असतं आणि समोर तेवढीच हिरवी ज्वारी दिसते. ती कापून टाकायचा मोह होतोच. खुंटलेल्या कोवळ्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल तयार करणारा घटक जास्त असतो. खंडानंतर पाऊस पडला की बुडातून फुटणारे कोंब तर आणखी वाईट. जनावर खाल्ल्यावर थोड्याच वेळात धापा टाकतं, तोंडाला फेस येतो, अंग थरथरतं, पाय लटपटून आडवं पडतं. हाताशी वेळ फार थोडा असतो. यावर इंजेक्शन आहे, पण ते डॉक्टरनेच शिरेतून द्यायचं. १९६२ ही पशुवैद्यकीय सेवेची मदतवाहिनी आहे, नंबर गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा. तेल, ताक पाजण्यात वेळ घालवू नका.

नियम असा: ज्वारी फुलोऱ्यात आल्याशिवाय ओली खाऊ घालायची नाही. कापणीनंतर फुटलेल्या खोडव्यात ढोरं सोडायची नाहीत, शेजाऱ्याचंही सुटून येणार नाही असं बघायचं. खुंटलेली ज्वारी फेकायचीही गरज नाही. पूर्ण वाळवली किंवा मुरघासात घातली की हे विष बरंच उतरतं.

दुसरी गोष्ट नायट्रेटची. खंडात पीक पिवळं दिसतं म्हणून लोक युरिया टाकतात. पाणी नसताना दिलेलं नत्र मका-ज्वारीच्या बुडख्यात साठतं, आणि ते वाळवल्याने जात नाही. खंडात युरिया देऊ नका. आधीच दिला असेल तर कापताना बुडखा वीतभर उंच ठेवा आणि तो चारा वाळल्या वैरणीत मिसळून थोडा-थोडा द्या.

५. गवत कधी कापायचं

नागपूरकडच्या गवताची सगळी गुंतागुंत इथे आहे. पवना, शेडा, मारवेल ही आपल्या पडीत जमिनीतली चांगली गवतं. ती सर्वांत सकस असतात ती तुरे निघून निम्मी फुलली असताना. नेहमीच्या वर्षी हे सप्टेंबरात होतं. पण सप्टेंबरात वाळवायला ऊन नसतं. ऊन ऑक्टोबरात मिळतं आणि तोवर दाणा झडून गवताची काडी झालेली असते. ती पिवळी काडी गंजीत सुंदर दिसते, पोटही भरते, पण दूध तिच्यावर येत नाही. आपल्याकडे बहुतेक लोक हीच काडी गोळा करतात, आम्हीही केली.

विचित्र वर्षात हा गोंधळ वाढतो. ऑगस्ट कोरडा गेला तर गवत बुटकं राहूनच घाईने तुरे काढतं, मग सप्टेंबरच्या पावसाने बुडातून नवे फुटवे येतात. एकाच ठिकाणी म्हातारं आणि कोवळं, दोन्ही. उलट जुलै-ऑगस्टला झड लागून राहिली तर गवत कमरेएवढं वाढतं, आडवं पडतं आणि खालून कुजायला लागतं.

मी आता असं करते. ऑगस्टच्या शेवटापासून दर चार दिवसांनी वावरात पाच ठिकाणी थांबते आणि प्रत्येक ठिकाणी हाताला येतील ती गवताची दहा ताटं बघते. दहांत पाचांना तुरा दिसला की कापणी सुरू. मग बाहेर ऊन आहे की झड, यावर फक्त त्या गवताचं काय करायचं ते ठरतं. तीन-चार दिवस उघाड दिसत असेल तर वाळवायचं. नसेल तर मुरघास. थांबायचं मात्र नाही. आडवं पडलेलं गवत तुऱ्याची वाट न बघता आधी काढायचं. कापताना जमिनीपासून चार बोटं सोडा, हस्ताचा पाऊस झाला तर दुसरा फुटवा चरायला मिळतो. एक पट्टा न कापता राखा, त्याचं बी पडू द्या, नाहीतर तीन-चार वर्षांत पवना जातो आणि तरोटा आणि गाजरगवत शिरतं.

कुसळीसाठी वेगळं सांगते. कोवळी असताना ती चांगला चारा आहे. कुसळं धरली की तिच्याइतकं त्रासदायक काही नाही. आमच्या एका कालवडीने ऑक्टोबरात खाणं सोडलं. मामाजींनी (माझ्या सासऱ्यांनी) तिचा ओठ उलटा करून दाखवला: आतल्या गुलाबी कातडीत तीन काळी कुसळं रुतलेली, भोवती पू. चिमट्याने काढताना प्रत्येक कुसळ आत पीळ घेत असल्यासारखं वाटलं, कारण टोकाला मागे वळलेले बारीक केस असतात. ज्या तुकड्यात कुसळी जास्त असेल तो सर्वांत आधी कापा, तुरे पोटरीत, म्हणजे बाहेर पडायचे असतानाच.

६. ऊन नसेल तेव्हा मुरघास

मुरघास म्हणजे हवा काढून आंबवलेला हिरवा चारा. लोणचं घालता येत असेल तर हे जमतं. मका ७५ ते ८५ दिवसांचा झाला, दाणा नखाने दाबल्यावर घट्ट दुधासारखं निघालं की कापा. बारीक कुट्टी करा आणि मूठभर कुट्टी अर्धा मिनिट घट्ट दाबून हात उघडा. गोळा तसाच राहिला आणि बोटं ओली झाली तर पाणी जास्त आहे. काही तास पसरून सुकवा. गोळा सावकाश उलगडला तर बरोबर. लगेच विस्कटला तर फार वाळलंय, थोडं पाणी शिंपडा.

नुसत्या रानगवतात साखर कमी, त्यामुळे ते नीट आंबत नाही. निम्मा मका मिसळा, नाहीतर टनाला २०-३० किलो उसाची मळी पाण्यात कालवून शिंपडा. थर वीतभराचा, आणि प्रत्येक थर तुडवायचा. इथे आळस केला की वरून पांढरी बुरशी येते. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, दीड मीटर खोल खड्ड्यात दहा टन मावतं. मात्र पाणी साचणाऱ्या जमिनीत खड्डा करू नका, तिथे जमिनीवर ढीग करा किंवा पिशव्या भरा. पहिल्या वर्षी पिशव्याच बऱ्या, एक बिघडली तर बाकीच्या वाचतात. उंदीर आणि कावळे भोकं पाडतात, रोज एक फेरी मारा आणि भोक दिसलं की त्याच दिवशी चिकटपट्टी लावा.

४५ दिवसांनी उघडा. आंबूस-गोडसर वास आणि पिवळसर हिरवा रंग हवा. काळं, चिकट, कुजका वास येणारं बाजूला काढा. सुरुवात दिवसाला पाच किलोने.

७. वाळवणं आणि गंजी

२०२३ ची आमची गंजी लावून पाच दिवस झाले होते. शेजारच्या वावरातले आजोबा बंडी थांबवून आत आले, गंजीभोवती फिरले आणि म्हणाले, "सूनबाई, आत हात घालून पाह्यला का?" मी कोपरापर्यंत हात घातला आणि लगेच काढला. आत चहाच्या भांड्याला हात लागावा तसं गरम. वास तंबाखू आणि जळक्या गुळाचा. बाहेरून गंजी हिरवीगार होती.

ओलसर गवत दाबून ठेवलं की आत जिवाणू आणि बुरशी काम करू लागतात, उष्णता कोंडते, कधी कधी गंजी आपोआप पेटते. पेटली नाही तरी बुरशी धरते, आणि बुरशीचं विष खाणाऱ्या जनावराच्या दुधातही उतरतं. म्हणून गंजी लावायच्या आधी:

- मूठभर गवत पिळून बघा. काड्या कडकन मोडल्या तर ठीक, नुसत्या वाकल्या तर आणखी एक दिवस ऊन द्या. काडीची गाठ नखाने खरवडा, ओल तिथे लपते.
- बरणीत कातरलेलं गवत आणि चमचाभर कोरडं जाडं मीठ घालून दोन मिनिटं हलवा. मीठ मोकळं राहिलं तर ओल १५ टक्क्यांच्या आत आहे. गोळा झालं तर थांबा.
- सकाळी दव उडाल्यावर उलटा, संध्याकाळी दव पडायच्या आधी लहान ढिगाऱ्या करा. चवळीसारखा पाल्याचा चारा भर उन्हात उलटू नका, पानं झडून नुसत्या काड्या उरतात.

गंजीखाली पऱ्हाटी (कापसाच्या वाळल्या काड्या) किंवा तुराट्यांचा फूटभर थर द्या, भोवती चर खणा, माथा निमुळता ठेवा. ताज्या गंजीवर ताडपत्री घट्ट आवळू नका, घाम धरते. पहिले पंधरा दिवस रोज सळई आत खुपसून दहा मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर गंजी मोडा, पण पाण्याची बादली जवळ ठेवून आणि एकट्याने नाही: हवा लागली की आतलं भडकू शकतं.

८. पाऊस लांबला तर रब्बीचा चारा

ऑक्टोबरात पाऊस चालूच राहिला तर लोक गवताकडे बघून रडतात, पण जमिनीतली ती ओल फुकट मिळालेली असते. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बरसीम (एकरी १०-१२ किलो) किंवा ओट (एकरी ४० किलो) टाका. बरसीमला थंडी लागते, घाई करून गरम हवेत टाकलं तर उगवण विरळ होते. पहिली कापणी पन्नास-पंचावन्न दिवसांनी. कोवळं, दवाने भिजलेलं बरसीम रिकाम्या पोटी दिलं की पोट फुगतं. आधी तणस (धानाचा वाळला पेंढा) किंवा कुटार खाऊ घाला, मग बरसीम. थंडीत नेपियरची वाढ मंदावते, तेव्हा हेच हिरवं कामी येतं.

९. अवकाळी, गारा आणि भिजलेलं तणस

नोव्हेंबरात धान कापून बांधीत पडलेलं असतं, फेब्रुवारी-मार्चात गहू-हरभरा उभा असतो, आणि नेमकं तेव्हाच आभाळ येतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये विदर्भात गारपीट झाली ती अशीच. भिजलेलं तणस लगेच पसरा, दोन उन्हं द्या. काळे डाग आणि कुबट वास असेल ते वेगळं काढा, त्याचं खत करा. गाभण जनावराला तर ते मुळीच नको.

भिजलेलं नसलेलं, पण निकस तणस सुधारता येतं: १०० किलो तणसाला ४ किलो युरिया ४०-५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडा, दाबून झाका, २१ दिवसांनी उघडा, वास उडू द्या, मग द्या. सहा महिन्यांखालच्या वासरांना देऊ नका. युरियाचं पाणी उघडं ठेवू नका, तहानलेल्या म्हशीने ते प्यालं तर वाचत नाही.

१०. तरीही कमी पडणार असं दिसलं तर

हे जानेवारीत बघा, एप्रिलमध्ये नाही. गंजी आणि खड्डा मोजा, पहिल्या पानावरच्या आकड्याशी ताडा. मौदा-रामटेक-पारशिवनीकडे पेंचच्या कालव्यावर धान होतं, तिथे तणस मिळतं. तुरीचं आणि हरभऱ्याचं कुटार मळणी चालू असतानाच खळ्यावरून उचला. तुरीचं कुटार जनावरं आवडीने खातात. विकत घेताना ट्रॅक्टर ट्रॉलीवर भाव ठरवू नका, वजनावर ठरवा, आणि मधल्या थरात हात घालून ओल बघा. एका व्यापाऱ्याने आम्हाला वरून कोरडी, आतून पाणी मारलेली ट्रॉली दिली होती.

कागदपत्रं

चारा बियाणं, कुट्टी यंत्र यांसाठी अनुदान अधूनमधून येतं. पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे मे महिन्यातच विचारून ठेवा, यंत्रासाठी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करायचा असतो. लागतं ते असं: सातबारा आणि आठ-अ, आधार, आधारशी जोडलेलं बँक पासबुक, शेतकरी ओळख क्रमांक, जनावरांच्या कानातल्या बिल्ल्याचे बारा अंकी क्रमांक. ई-पीक पाहणीत चारा पीकही नोंदवा. लोक सोयाबीन-कापूस नोंदवतात आणि चाऱ्याचा तुकडा सोडून देतात, मग सातबाऱ्यावर ती जमीन कोरी दिसते. सासऱ्यांच्या नावाचा सातबारा असेल तर अर्जही त्यांच्याच नावाने करा. आम्ही माझ्या नावाने केला होता आणि तो परत आला.

बियाण्याबद्दल शंका असेल तर नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. जाताना आपली पावसाची वही सोबत न्या. माझी वही उघडून त्यांनी आधी ऑगस्टचं पान बघितलं, आणि मगच कोणती ज्वारी टाकायची ते सांगितलं.